महाडहून लॅन्सेटपर्यंत: एका डॉक्टरचे शोधनिबंध आणि त्यांचं मोल



  

माझं आयुष्य औषधशास्त्र शिकवण्यात गेलं. त्यामुळे एखादी गोळी हातात आली, की ही गोळी या आजारासाठी पहिल्यांदा कोणी दिली, कोणी तपासून पाहिली आणि ते कुठे लिहून ठेवलं, असे प्रश्न मनात येतात. आज मी अशाच एका गोळीबद्दल आणि ती रुग्णापर्यंत पोहोचवणाऱ्या लिखाणाबद्दल बोलणार आहे. ते लिखाण महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं.

बावस्कर हे नाव तुम्हाला नवं नाही. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्यापैकी काहींनी वाचलंही असेल. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून, गरिबीतून शिकत वर आलेला हा माणूस. ती गोष्ट अनेकांनी सांगितली आहे, म्हणून मी ती सांगत नाही. मला त्यांच्या शोधनिबंधांची यादी उघडायची आहे. त्या यादीकडे क्वचितच कोणी बघतं, आणि माझ्या मते त्यांचं खरं चरित्र तिथेच आहे.

यादी उघडण्याचं आणखी एक कारण आहे. हल्ली वर्तमानपत्रात बातम्या येतात. आपल्या भागातले अमुक प्राध्यापक जगातल्या दोन टक्के शास्त्रज्ञांत, तमुक संशोधकाचे इतके निबंध, इतके हजार संदर्भ. आपण कौतुकाने वाचतो आणि पान उलटतो. पण हे संदर्भ मोजतं कोण? मोजतात म्हणजे नेमकं काय मोजतात? आणि त्या आकड्यात न मावणारं काय राहून जातं?

आधी विंचवाकडे येऊ.

विंचू चावला की ठणका लागतो, रात्रभर तळमळ होते आणि सकाळी उतार पडतो, असा आपला अनुभव. बहुतेक विंचवांच्या बाबतीत तो खरा आहे. लाल विंचवाचं तसं नाही. कोकणात तो दगडाखाली, लाकडांच्या ढिगात, पेंढ्यात, कुडाच्या भेगांत राहतो. त्याचं विष मज्जातंतूंवर चालतं. मज्जापेशीतल्या सोडियमच्या मार्गिका वेळेवर मिटत नाहीत, मज्जातंतू थांबायचं नाव घेत नाहीत आणि अ‍ॅड्रिनलिनसारखे स्राव रक्तात एकदम लोटले जातात. रुग्णाला उलट्या होतात, दरदरून घाम सुटतो, हातपाय बर्फासारखे गार पडतात. रक्तदाब चढतो. रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, हृदय त्यांच्याविरुद्ध जोर लावत राहतं आणि थकतं. मग फुफ्फुसात पाणी भरतं. तोंडातून गुलाबी फेस येऊ लागला, की घरच्यांना कळून चुकतं. असे जाणारे बरेचसे रुग्ण लहान मुलं असत.

१९७६ साली बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा या रुग्णांना काय मिळत होतं? गावात मांत्रिक. दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन, स्टेरॉइड, गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण. देणारे डॉक्टर बेफिकीर नव्हते. त्यांच्या हाताशी दुसरं काही नव्हतं. हृदयाचं नेमकं काय होतं, हे कळल्याशिवाय औषध कसं शोधणार?

आणि इथे पहिल्यांदा छापील कागद कामाला येतो. विंचू हृदयावर घाव घालतो, हे जगात कोणाला ठाऊकच नव्हतं असं नाही. १९६१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांनी विंचूदंशाबद्दल लिहिलं होतं. १९६३ साली त्याच जर्नलमध्ये पून-किंग या डॉक्टरांनी वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावरून विंचूदंशानंतर हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या इजेचं वर्णन केलं. १९६७ साली इस्रायलमधून गेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसंच लिहिलं. त्रिनिदादचा विंचू वेगळा, इस्रायलचा वेगळा, आपला वेगळा. पण हृदयाची तऱ्हा मिळतीजुळती. आता मला सांगा, त्रिनिदादच्या डॉक्टरने पाहिलेलं महाड तालुक्यातल्या डॉक्टरला कळायचं कसं? पून-किंग तर कधी बिरवाडीला आले नाहीत. त्यांचा निबंध येऊ शकत होता.

बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला नोंदी घेतल्या. नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा, घाम, उलटी. १९८२ साली लॅन्सेटमध्ये त्यांचा निबंध छापून आला. विषय असा, की लाल विंचू चावल्यावर हृदयावर संकट येणार आहे, हे आधीच सांगणारी लक्षणं कोणती. लॅन्सेट म्हणजे लंडनहून १८२३ पासून निघणारं, जगभरचे डॉक्टर वाचतात ते साप्ताहिक. त्या निबंधाचं महत्त्व मला फार वाटतं. त्यात औषध नाही. यंत्र नाही. त्यात फक्त एवढं आहे, की रुग्णाच्या अंगाकडे नीट पाहिलं तर काही तासांनी काय होणार ते आताच दिसतं. ज्या आरोग्य केंद्रात ईसीजीचं यंत्र नाही, तिथल्या डॉक्टरला हे ज्ञान वापरता येतं. कोणत्या मुलाला घरी पाठवायचं आणि कोणाला रात्रभर डोळ्यांसमोर ठेवायचं, हे ठरवता येतं.

पुढची पायरी औषधाची. रक्तवाहिन्या आवळल्या आहेत, तर त्या सैल करणारं औषध द्यायला हवं. आधी नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते काम करतं, पण ते सलाइनमधून थेंबाथेंबाने द्यावं लागतं आणि मिनिटामिनिटाला रक्तदाब बघावा लागतो. खेड्यात हे कसं जमायचं? मग प्राझोसिन. रक्तदाबासाठी वापरात असलेली साधी, स्वस्त, तोंडावाटे घ्यायची गोळी. स्राव ज्या ठिकाणी जाऊन रक्तवाहिनी आवळतात, नेमकी ती जागाच ही गोळी अडवते. १९८६ साली डॉ. हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर या दोघांच्या नावाने लॅन्सेटमध्ये हे छापून आलं. जेमतेम दोन पानं. बावस्करांच्या लेखांत दिलेली तुलना अशी, की प्राझोसिनच्या आधीच्या काळात गंभीर रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

ही दोन पानं छापली गेली नसती तर? महाडची मुलं वाचलीच असती, कारण डॉक्टर तिथे होते. पण सोलापूरची? कर्नाटकातली, आंध्रातली, तमिळनाडूतली? विंचू तिथेही होता आणि बावस्कर तिथे नव्हते.

आता संदर्भांच्या मोजणीकडे वळतो.

शोधनिबंधाच्या शेवटी एक यादी असते. आपण कोणाच्या कामावर उभे आहोत, हे लेखक तिथे सांगतो. आपल्याकडे जमिनीच्या सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. ही जमीन कोणाकडून कोणाकडे आली, हे त्या क्रमांकावरून मागे मागे जात शोधता येतं. संदर्भांच्या यादीचं तसंच आहे. फरक इतकाच, की जमीन एकाकडून गेली की दुसऱ्याची होते. ज्ञान दिलं तरी देणाऱ्याकडे राहतंच.

हा माग उलट्या दिशेनेही काढता येईल, हे यूजीन गारफील्ड या अमेरिकन माणसाला सुचलं. म्हणजे, एखादा निबंध छापल्यानंतर त्याचा आधार पुढे कोणीकोणी घेतला? वकील मंडळींना ही पद्धत ठाऊक होती. जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या निकालांत घेतला गेला, याची सूची अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून निघत होती. गारफील्ड यांनी १९५५ साली सायन्स या साप्ताहिकात ही कल्पना मांडली आणि १९६४ पासून त्यांची विज्ञान-संदर्भ सूची नियमित निघू लागली. संशोधकाला आपल्या विषयातलं पुढचं काम सापडावं, हा तिचा मूळ हेतू. शोधण्याची सोय होती ती. तिचं गुणपत्रक नंतर झालं.

त्यातून दोन आकडे निघाले. एक इम्पॅक्ट फॅक्टर. हा नियतकालिकाचा असतो, माणसाचा नसतो. आधीच्या दोन वर्षांत त्या नियतकालिकात आलेल्या लेखांना यंदा सरासरी किती वेळा उद्धृत केलं, एवढंच तो सांगतो. दुसरा एच-इंडेक्स. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. तुमचे २० निबंध प्रत्येकी किमान २० वेळा उद्धृत झाले असतील, तर तुमचा एच-इंडेक्स २०. माणसाचं सारं संशोधन एका आकड्यात. सोयीचं आहे, आणि माझी पहिली तक्रार नेमकी या सोयीबद्दल आहे.

विंचूदंशावर जगात किती लोक संशोधन करतात? फार थोडे. लाल विंचू लंडनमध्ये चावत नाही, बोस्टनमध्ये चावत नाही. तो चावतो शेतमजुराला, पेंढा उचलणाऱ्या बाईला, जमिनीवर झोपलेल्या मुलाला. या आजाराच्या औषधात मोठ्या कंपन्यांना मोठा नफा नाही. संशोधक थोडे, म्हणून निबंध थोडे, म्हणून एकमेकांना उद्धृत करणारेही थोडे. कर्करोगाच्या एखाद्या रेणूवर जगात हजारो प्रयोगशाळा काम करतात. तिथला मध्यम प्रतीचा निबंधसुद्धा विंचूदंशावरच्या उत्तम निबंधाच्या पुढे सहज जाईल. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोण मोठं ते ठरवायचं? गरिबाच्या आजारावर काम करणाऱ्याला या मोजणीत आरंभापासूनच कमी माप मिळतं. मंडळी, हा अन्याय आहे. विद्यापीठांच्या निवड समित्यांत बसणाऱ्यांनी तो रोज लक्षात ठेवला पाहिजे.

दुसरं असं, की सर्वाधिक संदर्भ मिळतात ते सर्वांत मोठ्या शोधांना मिळतात, हाही समज खरा नाही. जगातला सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध कोणता? ऑलिव्हर लोरी यांनी १९५१ साली लिहिलेला. द्रावणात प्रथिन किती आहे, हे मोजण्याची रीत त्यात आहे. नेचर या नियतकालिकाने २०१४ साली पहिल्या शंभर निबंधांची यादी केली, तेव्हा या एका निबंधाचे संदर्भ तीन लाखांच्या वर होते. आणि डीएनएचा दुहेरी गोफ सांगणारा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ सालचा निबंध? तो त्या शंभरात नव्हता. लोरींचं काम हलकं होतं असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत रोज लागणारी रीत रोज उद्धृत होते. जे ज्ञान सगळ्यांच्या अंगवळणी पडतं, त्याचं नाव घेणं लोक हळूहळू सोडून देतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी ही गोष्ट फार पूर्वी दाखवून दिली होती.

याचं आपल्या घरचं उदाहरण आहे. मुंबईचं आहे, म्हणजे इथून, खारबावहून लोकलच्या अंतरावरचं. परळच्या केईएम रुग्णालयाला जोडून असलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे काम करत होते. काही माणसांचं रक्त चाचणीत ओ गटाचं दिसे, पण ओ गटाच्या रक्ताशीही जुळेना. साऱ्या रक्तगटांचा पाया असलेला एच हा घटकच त्यांच्या रक्तपेशींवर नव्हता, आणि रक्तद्रवात त्या घटकाविरुद्धची प्रतिपिंडं होती. अशा माणसाला साधं ओ रक्त चढवलं तर जीवावर बेततं. भेंडे, देशपांडे, भाटिया या मुंबईकरांनी लंडनच्या संशोधकांबरोबर १९५२ साली लॅन्सेटमध्ये हे छापलं. तोच बॉम्बे रक्तगट. आज जगातल्या कुठल्याही रक्तपेढीत जा, कोपनहेगनला जा, टोकियोला जा, तंत्रज्ञाला हे नाव ठाऊक असतं. आपल्याकडे अंदाजे दहा हजारांत एक जण या गटाचा असतो. त्याचं रक्त लागलं की शोधाशोध होते, माणसं रात्रीतून प्रवास करून रक्त द्यायला जातात. या सगळ्या धावपळीत भेंडे यांचं नाव कोण घेतं? संदर्भ देण्याचीही गरज उरली नाही, इतकं ते काम सर्वांचं झालं. आकड्याच्या हिशेबात ही घट धरायची की वाढ?

तिसरं उदाहरण मोठ्या आकड्याचं आहे, आणि त्यावर मला थोडं थांबायचं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. तिथली ग्रामीण कर्करोग नोंदवही १९८७ साली सुरू झाली. ग्रामीण भागातली ती देशातली पहिली. त्या पायावर टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिऑनची आंतरराष्ट्रीय कर्करोग संस्था यांच्यासह उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास झाला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वतपासणी कोणत्या रीतीने केली तर जीव वाचतात, हा प्रश्न. २००९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये उत्तर छापून आलं. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच झाली, त्यात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले; जवळपास तेवढ्याच आकाराच्या, तपासणी न झालेल्या गटात ६४. या निबंधाचा आधार जगभर घेतला गेला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यांत हे काम आहे.

मग इथे आकडा खरा बोलला का? होय, बोलला. पण त्या ६४ बायकांबद्दल तो काही बोलत नाही. तपासणी न झालेला गट ठेवणं योग्य होतं का, यावर नंतर जोरदार वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, त्या काळी तिथे कोणालाच तपासणी मिळत नव्हती, आणि तुलनेशिवाय पुरावा उभा राहिला नसता. दुसरी बाजू म्हणाली, तपासणीने जीव वाचतात हे जगाला आधीच ठाऊक होतं. मला दुसऱ्या बाजूचं म्हणणं अधिक पटतं. धाराशिवच्या बायकांनी जगाला जे दिलं, त्याची परतफेड म्हणून निदान आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक बाईला तरी ही तपासणी मिळायला हवी. या सभागृहात बसलेल्या तिशीपुढच्या किती भगिनींची ही तपासणी झाली आहे? हात वर करायला सांगत नाही. प्रत्येकीने मनातच उत्तर द्यावं, आणि ‘नाही’ असेल तर आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं.

आता संदर्भांच्या आकड्याचा जिथे सर्वांत जास्त गैरवापर होतो, तिकडे येतो. हे थोडक्यात सांगतो, कारण यावर बोलताना मला वाईट वाटतं.

बढतीसाठी निबंध हवेत, असा नियम झाला. नियमामागचा हेतू चांगला होता. पण निबंध मोजायला लागल्यावर निबंध तयार होऊ लागले. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. २०१८ साली करंट सायन्समध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. त्यातली ८८ टक्के नियतकालिकं निकषांना उतरत नव्हती. शंभरातली अठ्ठ्याऐंशी! त्यानंतर आयोगाने नवी यादी करायला घेतली आणि तिचं काम पुण्यातूनच चाललं. स्वतःच्या क्षेत्राची अशी झाडाझडती घेणारी माणसं आपल्या महाराष्ट्रात आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

स्वतःच स्वतःचे संदर्भ देणं, मित्रांनी एकमेकांचे देणं, हे प्रकारही चालतात. दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी करणारे जॉन आयोनिडिस यांनी म्हणूनच स्वतःचे संदर्भ वगळूनही हिशेब दिला आहे. बातमी वाचताना हा दुसरा हिशेब कोणी विचारत नाही. विचारावा.

इतकं सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, मग संदर्भ मोजूच नयेत का? माझं तसं म्हणणं नाही. संदर्भ मोजण्याआधी ते वाचावेत. कोणी आधार घेतला आणि कशासाठी घेतला, हे पाहावं. हे करून बघितलं तर काय दिसतं, ते सांगण्यासाठी मी पुन्हा महाडला येतो. आजच्या व्याख्यानातला मला सर्वांत प्रिय भाग हा आहे.

प्राझोसिनने बावस्करांना जगात नाव मिळवून दिलं. पुढे मुंबईच्या हाफकिन संस्थेने लाल विंचवाच्या विषावरचं प्रतिविष बनवलं. दवाखान्यात त्याला सिरम म्हणतात. आता प्रश्न आला, गोळी चांगली की सिरम? महाडच्या दक्षिणेला, त्याच मुंबई-गोवा महामार्गावर चिपळूण आहे. तिथले डॉ. व्ही. एस. नातू हे काम करत होते. २००६ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर सिरमचा ग्रामीण रुग्णालयातला अनुभव लिहिला. २०१० साली, ज्या परळच्या महाविद्यालयात भेंडे होते तिथूनच निघणाऱ्या जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिनमध्ये, गंभीर विंचूदंशात सिरम प्राझोसिनपेक्षा सरस ठरतं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे महाडच्या डॉक्टरच्या गोळीपेक्षा दुसरं काही चांगलं आहे, असं चिपळूणचा डॉक्टर छापून सांगतो.

यावर महाडच्या डॉक्टरने काय करावं? प्राझोसिनशी त्यांची कीर्ती बांधलेली होती. त्यांच्या प्राझोसिनच्या निबंधांचे संदर्भ जगभर दिले जात होते. माणूस दुखावला असता, गप्प बसला असता, आपल्या बाजूचे चार लेख लिहीत बसला असता, तरी कोणी नवल केलं नसतं. बावस्करांनी प्रयोग केला. ७० रुग्ण घेतले. कोणाला काय द्यायचं हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दैवावर सोडलं, जेणेकरून डॉक्टरची मर्जी मध्ये येऊ नये. ३५ जणांना फक्त प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि सिरम दोन्ही. दहा तासांच्या आत पूर्ण बरे किती झाले? फक्त गोळी घेतलेल्या ३५ पैकी ८. दोन्ही घेतलेल्या ३५ पैकी ३२. २०११ सालच्या जानेवारीत हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, आणि लेखक पुन्हा तेच दोघं, हिम्मतराव आणि प्रमोदिनी.

विद्यार्थी मित्रांनो, इथे जरा थांबा. आठ आणि बत्तीस. आपल्या हयातभराच्या औषधाला एकट्याने पुरं पडता येत नाही, हे त्या माणसाने स्वतः मोजलं आणि जगापुढे ठेवलं. १९८२ चा निबंध, १९८६ चा निबंध, २०११ चा निबंध. एकाच आजाराच्या मागे तीस वर्षं चाललेला हा धागा आहे. आधी लक्षणं ओळखली, मग गोळी शोधली, मग गोळी अपुरी आहे हे दाखवलं. एच-इंडेक्स यातलं काय सांगेल? त्याच्यासाठी हे तीन वेगवेगळे निबंध आहेत. ज्या निबंधाने आधीच्या निबंधाला ओलांडलं, तो निबंध आकड्यात वेगळा उठून दिसत नाही.

आणि हे कुठे घडलं पाहा. महाड आणि चिपळूण. महामार्गावरची दोन गावं. दोन डॉक्टर आपला मतभेद वर्तमानपत्रात मांडत नाहीत, एकमेकांच्या रुग्णांना कान भरत नाहीत. रुग्ण मोजतात, लिहितात, आणि जगातल्या कोणालाही तपासता येईल अशा जागी छापतात. भांडायचं असेल तर असं भांडावं. त्यातून मुलं बरी होतात.

गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, म्हणून आज फक्त उल्लेख करतो. १९९९ साली लॅन्सेटमध्ये त्यांनी दाखवलं, की गावातल्याच बाईला शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, तर ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी होतो. त्या निबंधाचे संदर्भ भरपूर आहेत. पण माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा संदर्भ कुठल्याच सूचीत सापडणार नाही. २०११ पासून देशभर आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करतात, ताप बघतात. तुमच्या गावात आशा ताई येतात तेव्हा तो निबंध तुमच्या उंबऱ्याशी आलेला असतो. बंग दांपत्याने आणखी एक केलं. आधी आपलं संशोधन ज्या गावांत केलं, त्या गावांना सांगितलं. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल मराठीतून काढला. ज्याचं रक्त तपासलं, ज्याचं मूल मोजलं, त्याला निष्कर्ष त्याच्या भाषेत कळायला हवा. माझ्या सगळ्या सहकाऱ्यांना माझी हीच विनंती असते.

शेवटी आपल्या गावाकडे, खारबावकडे येतो. वसई-दिवा मार्गावरचं हे स्टेशन, आजूबाजूला भातखाचरं आणि खाडी, पलीकडे गोदामांची रांग, आणि भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट. इथल्या आजारांबद्दल कोण लिहिणार? बारा-बारा तास मागाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानाचं काय होतं, कापसाची धूळ छातीत गेली की काय होतं, गोदामात पोती उचलणाऱ्याच्या मणक्याचं तिशीत काय होतं, भात कापताना साप चावला तर दवाखान्यात पोहोचायला किती वेळ लागतो. या प्रश्नांची उत्तरं लंडनहून येणार नाहीत. बावस्करांच्या निबंधांना जे साहित्य लागलं, ते आपल्या प्रत्येक आरोग्य केंद्रात आहे. रुग्ण आहे, घड्याळ आहे, रक्तदाबाचा पट्टा आहे, आणि रुग्णांची नोंदवही आहे.

त्या नोंदवहीबद्दल माझं इथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एक मागणं आहे. साप किंवा विंचू चावलेला रुग्ण आला, की चावल्याची वेळ, दवाखान्यात आल्याची वेळ, मधल्या वेळात तो कुठे गेला होता, आणि औषध दिल्यापासून किती तासांत उतार पडला, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक वेळी लिहा. रुग्णाचं नाव बाहेर जाऊ देऊ नका, पण नोंद टाळू नका. सलग तीन पावसाळे हे केलं, तर तुमच्या हातात निबंधाचा कच्चा माल असेल. तो कसा लिहायचा, हे दाखवायला मी येईन. आमच्या महाविद्यालयातली तरुण मंडळीही येतील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, २०११ चा तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला निबंध सर्वांसाठी खुला आहे, पैसे पडत नाहीत. आज रात्री फोनवर उघडा. इंग्रजी अडेल, अडू द्या. आधी त्यातला तक्ता बघा, आठ आणि बत्तीस शोधा. मग खाली संदर्भांच्या यादीवर या आणि त्यात चिपळूणच्या नातूंचं नाव आहे का ते बघा. उद्या सकाळी मी इथेच आहे. काय सापडलं ते येऊन सांगा.